प्रेअरीवर कॅमेरा घेऊन पहिल्यांदा जाताना: रानफुलं, आभाळ आणि ओसाड घरं

मी मूळचा साताऱ्याचा, त्यामुळे फुलांचा माळ म्हणजे कास, हे डोक्यात पक्कं बसलेलं. नोकरीपायी कॅनडात, सस्कॅचेवान प्रांतातल्या रेजायनाला आलो आणि पहिल्याच जूनमध्ये दक्षिणेकडच्या प्रेअरीवर, म्हणजे सपाट गवताळ माळावर, दोन दिवस भटकलो. चारेकशे फोटो काढले. घरी लॅपटॉपवर टाकले तर सगळ्यांत तेच: खाली हिरवं, वर निळं, मधे एक रेघ. बायको म्हणाली, "यातला एक ठेव, बाकीचे उडव. काही फरक पडणार नाही."

तिचं बरोबर होतं. कासला सप्टेंबरात फुलं आपणहून पायाशी येतात. इथे ती गवतात दडलेली असतात, गाडीतून दिसतसुद्धा नाहीत. आभाळ एवढं मोठं की कुठल्याच लेन्समध्ये मावत नाही. आणि ज्या ओसाड लाकडी घरांवर जीव जडावा, ती कुणाच्या तरी शेतात उभी. गेल्या आठ वर्षांत माझे फोटो हुकले ते कॅमेऱ्यामुळे क्वचितच. चिखल, वारा आणि न विचारता आत शिरणं, या तिघांनीच घात केला. म्हणून या लेखात लेन्सपेक्षा त्यांच्याबद्दल जास्त वाचायला मिळेल.

सगळं लिहिलंय ते दक्षिण सस्कॅचेवानबद्दल, त्यातही ग्रासलँड्स नॅशनल पार्क आणि त्याच्या आसपासच्या शेतांबद्दल. अल्बर्टा किंवा मॅनिटोबात जाणार असाल तर निसर्ग साधारण हाच, पण कायदे तिथले बघा.

१. आधी महिना ठरवा, मग तिकीट काढा

"प्रेअरीवर कधी जावं?" याला एकच एक उत्तर नाही. फुलं, ढग आणि तारे तिन्ही एकाच महिन्यात नीट मिळत नाहीत.

एप्रिल संपता संपता, बर्फ वितळतो न वितळतो तोच क्रोकस डोकं वर काढतं. जांभळट, वीतभरही उंच नाही, देठापासून पाकळीपर्यंत चंदेरी लव. नाव क्रोकस असलं तरी खऱ्या क्रोकसशी त्याचं काही नातं नाही. नांगरलेल्या जमिनीत ते सहसा परत येत नाही, म्हणून शोधायचं ते कधीच न नांगरलेल्या टेकाडांच्या उतारावर. मे महिन्यात पिवळं बफेलो बीन. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत रानगुलाब, निवडुंगाची पिवळी फुलं आणि तांबडी लिली. ही लिली १९४१ पासून सस्कॅचेवानचं अधिकृत फूल आहे. जुलैत शेतं रंगतात: कनोला (मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक) पिवळाजर्द आणि जवस निळं. गावाकडे जवसाची चटणी जन्मभर खाल्ली, पण निळ्या फुलांनी भरलेलं जवसाचं अख्खं शेत मी पहिल्यांदा पाहिलं ते इथे. त्याला सकाळीच गाठा, दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. ऑगस्टात जांभळे तुरे, रानसूर्यफुलं, आणि मग गवत सोनेरी व्हायला लागतं.

वादळी ढगांचा मोसम जून-जुलै. ताऱ्यांसाठी मात्र जून अगदी कुचकामी. आपण ४९ अंश अक्षांशावर असतो, आणि इतक्या उत्तरेला २१ जूनच्या आगेमागे रात्र पूर्ण काळी होतच नाही. उत्तरेच्या क्षितिजावर फिकट उजेड रात्रभर रेंगाळतो. हे मला माहीत नव्हतं. आकाशगंगेसाठी जूनमध्ये रात्रभर जागून दुधी आभाळाचे फोटो घेऊन आलो होतो. ताऱ्यांसाठी ऑगस्ट-सप्टेंबर धरा.

एकच खेप जमणार असेल तर मी जूनचा शेवटचा आठवडा सुचवेन. फुलं आणि ढग तरी पदरात पडतील.

२. कागदपत्रं आणि सामान

कागद फार नाहीत, पण एक नसला तर घोडं तिथेच अडतं.

- भारतातून येणार असाल तर पासपोर्ट आणि व्हिजिटर व्हिसा. चालवण्याचं लायसन्स, सोबत आरटीओकडून काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट.
- भाड्याच्या गाडीचा करार. त्यात खडीच्या रस्त्यांबद्दल काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा. बरेच जण नंतर वाचतात.
- नॅशनल पार्कमध्ये राहणार असाल तर कँपसाइटचं बुकिंग.
- ड्रोन आणणार असाल तर थांबा. नॅशनल पार्कमध्ये परवान्याशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि २५० ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोनला कॅनडात कुठेही नोंदणी आणि पायलट सर्टिफिकेट लागतं. मी माझं घरीच ठेवतो.

सामानात एक रुंद लेन्स, एक ७०-२०० सारखी लांब लेन्स आणि जमली तर मॅक्रो. दणकट ट्रायपॉड हवाच. हलका, प्रवासी ट्रायपॉड इथल्या वाऱ्यात थरथरतो. मधल्या दांड्याला बॅग लटकवली तर थोडा सावरतो. लाल उजेडाचा हेडलँप, लेन्सवरची धूळ उडवायची रबरी फुंकणी, लेन्स पुसायची दोन-तीन फडकी (धूळ एवढी, की एक पुरत नाही). गुडघ्यांना बांधायचे जाड पॅड. त्यांना हसू नका, कारण पुढे कळेल. घोट्याच्या वर येणारे बूट, फिकट रंगाची लांब पँट, गोचिडांसाठी चिमटा. एन-९५ मास्क. माणशी चार लिटर पाणी. आणि नकाशे फोनवर आधीच उतरवून घ्या. पार्कमध्ये आणि आसपास फोनला रेंज नसणं हेच नेहमीचं.

३. रस्ता: सगळ्यात आधी शिकायची गोष्ट

रेजायनाहून स्विफ्ट करंट अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर, तिथून चार नंबरच्या हायवेने दक्षिणेला व्हॅल मेरी, म्हणजे पार्कच्या तोंडाशी असलेलं गाव, साधारण १२० किलोमीटर. टाकी स्विफ्ट करंटलाच पूर्ण भरा. इथपर्यंत सगळं डांबरी, सुखाचं.

खरी गंमत ग्रिड रोडवर. सर्व्हे करताना सगळी जमीन चौकोनांत कापली गेली: एक मैल बाय एक मैलाचा सेक्शन, ६४० एकरांचा, आणि त्याचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकरांचा क्वार्टर. रस्ते याच चौकोनांच्या कडेने, पट्टीने आखल्यासारखे सरळ जातात. चुकणं अवघड वाटतं, आणि तिथेच फसायला होतं. सगळे चौक सारखेच दिसतात. वळलात की लिहून ठेवा.

यातले काही रस्ते खडीचे असतात, काही नुसत्या मातीचे. ही माती म्हणजे इथल्या भाषेत "गम्बो". कोरडी असताना सिमेंटसारखी टणक, आणि पाऊस पडला की आपल्याकडच्या काळ्या रानासारखी. फक्त आणखी चिवट. माझ्या दुसऱ्या वर्षी, एका पडक्या कोठाराचा फोटो घ्यायला मी मातीच्या रस्त्याने दोन किलोमीटर आत गेलो. पंधरा मिनिटांची सर आली. परत निघालो तर चाकं आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल इतका गच्च बसला की चाक फिरेचना. गाडी रस्त्याच्या मधोमध, मी पावसात, फोनला रेंज शून्य. तास-दीड तासाने एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. त्याने गाडीला साखळी लावली आणि एवढंच विचारलं, "आभाळ दिसलं नव्हतं का?" मी आभाळाचेच फोटो काढत होतो.

तेव्हापासूनचा नियम: पश्चिमेला काळं दिसलं की मातीच्या रस्त्यावर उतरायचं नाही. आधीच उतरलो असेन तर फोटो अर्धवट टाकून खडीवर यायचं. हवामान खात्याचं वेदरकॅन ॲप आणि रडार सकाळी रेंज असतानाच बघून घ्या.

४. फुलं: पोटावर झोपायची तयारी ठेवा

उभं राहून खाली कॅमेरा धरला तर फूल गवतात हरवतं. त्याच्या पातळीवर उतरलात की मागे गवत नाही, आभाळ येतं. प्रेअरीवरच्या फुलांच्या फोटोचं गुपित म्हणाल तर निम्मं इथेच संपलं.

पण टेकण्याआधी जमीन नीट न्याहाळा. निवडुंग इथे बोट-दोन बोटं उंच, गवताच्या मुळाशी पसरलेला असतो आणि दिसत नाही. गुडघ्यात शिरलेली त्याची बारीक कुसं काढायला मला संध्याकाळ लागली. म्हणून ते पॅड. शिवाय ग्रासलँड्समध्ये प्रेअरी रॅटलस्नेक हा विषारी साप आहे. तो उगाच अंगावर येत नाही, पण दगडांच्या कपारीत हात घालू नका आणि त्याच्या शेपटीचा खुळखुळा ऐकू आला तर जागीच थांबून, आवाज कुठून येतोय ते बघून, हळूच मागे सरा.

आता वारा. तो थांबेल म्हणून वाट पाहत बसलात तर सुट्टी संपेल. जूनमध्ये पहाटे पाचच्या सुमारास उजाडतं, आणि बहुतेक दिवशी त्यानंतरचे दीड-दोन तासच काय ते शांत असतात. फुलांचं काम तेव्हाच उरकायचं. नंतर काढायचे असतील तर शटर १/५०० च्या खाली आणू नका, आयएसओ बिनधास्त वाढवा. थोडा दाणेदारपणा चालतो, हललेलं फूल चालत नाही. जॅकेट काढून वाऱ्याच्या बाजूने आडोसा धरला तरी बराच फरक पडतो. सोबतीला कुणी असेल तर त्याला हे काम द्या.

क्रोकस सूर्याच्या विरुद्ध बाजूने काढा, म्हणजे सूर्य फुलाच्या मागे. त्या लवेला चांदीची कड येते. ढगाळ दिवशी ते मिटून बसतं, तेव्हा जायचं कारण नाही.

तांबड्या लिलीचा घोळ वेगळाच. ती बहुधा ओलसर कुरणांत किंवा रस्त्याकडेच्या चरात उभी असते, फूल सरळ आभाळाकडे तोंड करून, आत काळसर ठिपके. फोटो घेतलात की कॅमेऱ्याच्या पडद्यावर छान दिसतं, आणि घरी मोठं करून पाहिलं की पाकळीवरची एकही शीर दिसत नाही, नुसता तांबडा डाग. कारण तांबडा रंग बाकीच्या रंगांच्या आधी जळतो, म्हणजे त्यातले बारकावे पुसले जातात, आणि साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ते सांगत नाही. तांबडा, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा, तांबडी रेघ उजव्या भिंतीला टेकणार नाही इतकं एक्स्पोजर उतरवा. मला साधारण दोन-तृतीयांश स्टॉप कमी करावा लागतो.

आणि ही लिली तोडणं किंवा उपटणं इथे कायद्याने गुन्हा आहे. मुलं बरोबर असतील तर गाडीतच सांगून ठेवा.

कनोलाच्या शेतात शिरायचं नाही. दुसऱ्याचं पीक आहे हे एक, आणि बुटाला चिकटलेल्या मातीतून मुळांचा एक चिवट रोग एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो हे दुसरं. चरात उभं राहून लांब लेन्सने काढा. पिवळा दाटही तसाच दिसतो.

५. आभाळ: वादळ पुढे जाऊ द्या

आभाळ चांगलं असेल तर क्षितिज फ्रेमच्या तळाशी न्या, अगदी पाचव्या हिश्शापर्यंत. आणि त्या पट्टीत काहीतरी एक उभं हवं: धान्याचा एलेव्हेटर (धान्य साठवायची उंच इमारत), विजेचा खांब, एकटं झाड. ते नसेल तर ढग केवढा होता ते बघणाऱ्याला कळत नाही. माझ्या त्या चारशे फोटोंत हेच नव्हतं.

पोलरायझर (आभाळ गडद करणारा फिल्टर) रुंद लेन्सवर लावू नका. आभाळ एवढं रुंद असतं की एका बाजूला गडद निळा डाग पडतो आणि दुसरी बाजू फिकट राहते. नंतर काही केल्या जुळत नाही.

नवखे लोक वादळाच्या पुढे धावतात. मी उलट करतो. इथली वादळं बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. गाडीत बसून ते डोक्यावरून जाऊ द्यावं. संध्याकाळचं वादळ पूर्वेला सरकलं की पश्चिमेचा मावळता सूर्य त्याच्या पाठीवर पडतो. काळ्या ढगासमोर उजळलेलं पिवळं गवत, इंद्रधनुष्य, कधी ढगाच्या पोटाला लोंबणाऱ्या पिशव्या. पाठ सूर्याकडे करून, डांबरी किंवा खडीच्या रस्त्यावर उभं राहायचं.

विजेच्या बाबतीत मात्र हिरोगिरी नको. मैलोन् मैल सपाटीवर सगळ्यात उंच वस्तू तुमचा ट्रायपॉड, आणि त्याला धरून तुम्ही. गडगडाट ऐकू आला की गाडीत, काचा वर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. त्या अर्ध्या तासात उत्तम उजेड निघून जातो, मान्य. जाऊ दे.

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडच्या वणव्यांचा धूर आला तर आभाळ राखाडी आणि सूर्य तांबडा गोळा होतो. अशा दिवशी ढग विसरा, लांब लेन्स लावा आणि घरांकडे वळा.

६. रात्र

ग्रासलँड्सला २००९ मध्ये डार्क स्काय प्रिझर्व्हचा, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेल्या जागेचा, दर्जा मिळाला. इथला अंधार मुंबई-पुण्याच्या माणसाला सुरुवातीला अस्वस्थ करतो. कोल्ह्यांसारखे दिसणारे कायोटी ओरडायला लागले की जास्तच.

सुरुवातीची सेटिंगं: एफ/२.८, आयएसओ ३२००, २० मिलिमीटरच्या लेन्सला १५ ते २० सेकंद. ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा मोठा करून हाताने फोकस लावा आणि रिंगवर टेप चिकटवा. ध्रुवीय प्रकाश नाचायला लागला तर वेळ पाच सेकंदांवर आणा, नाहीतर पडदे जाऊन नुसतं हिरवं दूध राहतं.

घरासोबत आभाळ हवं असेल तर दिवसाच दिशा बघा. आकाशगंगेचा दाट भाग दक्षिणेला असतो, म्हणजे तुम्ही घराच्या उत्तरेला उभे. ध्रुवीय प्रकाश उत्तरेला, म्हणजे तुम्ही घराच्या दक्षिणेला. अंधारात पडक्या घराला प्रदक्षिणा घालायची वेळ येऊ देऊ नका.

७. ओसाड घरं: आधी माणूस शोधा, मग घर

१८७२ च्या डोमिनियन लँड्स ॲक्टखाली १० डॉलर फी भरली की १६० एकर मिळत. अट अशी, की तीन वर्षांत तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन लागवडीखाली आणायची. (ही जमीन मोकळी होती असं नाही, इथल्या मूळ रहिवाशांशी झालेल्या करारांनंतर ती वाटायला आली. पार्कमध्ये टेकाडांवर त्यांच्या तंबूंच्या दगडी वर्तुळांच्या खुणा आजही आहेत. त्यातला एकही दगड हलवू नका.) युरोपातून आणि कॅनडाच्या पूर्वेकडून आलेल्या लोकांनी आधी मातीच्या ढेकळांची, मग फळ्यांची घरं बांधली. ढेकळांच्या घरांपैकी किंडर्सली गावाजवळचं ॲडिसन कुटुंबाचं, १९०९ ते १९११ मध्ये बांधलेलं घर अजून उभं आहे आणि ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. १९३० च्या दशकातल्या दुष्काळाने आणि मातीच्या वादळांनी पुष्कळ घरं रिकामी केली. बाकीची घरं, शेतं मोठी होत गेली तशी, सुटली.

आपल्याकडे वाडा पडला तरी दगडी जोतं राहतं. इथे सगळं लाकूड. "पुढच्या वर्षी काढू" म्हणून सोडलेलं घर पुढच्या वर्षी आडवं झालेलं असतं.

आता महत्त्वाचं. १ जानेवारी २०२२ पासून सस्कॅचेवानमध्ये ग्रामीण खासगी जमिनीवर फिरण्यासाठी जायचं तर मालकाची आधी परवानगी लागते. पाटी नाही, कुंपण नाही, घराला दार नाही, तरीही लागते. सार्वजनिक रस्त्यावरून फोटो काढायला कुणाची हरकत नाही.

मालक कसा शोधायचा? त्या भागाच्या ग्रामीण नगरपालिकेच्या कार्यालयात नकाशा मिळतो, त्यावर प्रत्येक क्वार्टरवर मालकाचं नाव छापलेलं असतं. नाहीतर जवळच्या नांदत्या शेतघरी जा. गाडीतून उतरून घाईने दाराकडे जाऊ नका, आधी कुत्रा काय म्हणतो ते बघा. मग सरळ सांगा: मी कोण, कुठून आलो, कुठलं घर, किती वेळ, आत जाणार नाही. मला आजवर नकार दोनदाच आला. होकारासोबत बहुतेक वेळा कॉफी येते आणि त्या घराची गोष्ट येते. वाटेत फाटक लागलं तर उघडं असेल तसं उघडं आणि बंद असेल तसं बंद ठेवून पुढे जा. त्यामागे गुरं असतात.

परवानगी मिळाली तरी आत जाऊ नका. जमिनीच्या फळ्या कुजलेल्या असतात. उंदरांच्या लेंड्यांच्या धुळीतून हंटाव्हायरस हा जीवघेणा विषाणू पसरतो. दारातून डोकावायचं असेल तरी मास्क लावा. त्याहून वाईट म्हणजे जुन्या विहिरी, कुजक्या फळ्यांनी झाकलेल्या, वर गवत वाढलेलं. काठीने चाचपत चाला.

फोटोसाठी ढगाळ दिवस उत्तम. करड्या लाकडाच्या रेषा मऊ उजेडात दिसतात. ऊन असेल तर बाजूने येणारं, सकाळचं किंवा संध्याकाळचं. लांब लेन्सने मागे जाऊन काढलंत तर घर आभाळाला नीट टेकतं. जवळून रुंद लेन्स लावली की भिंती मागे कलंडतात आणि घर उगाच दारुडं दिसतं. आधीच कललेलं आहे, त्यात भर नको.

घराभोवती काय उगवलंय ते बघा. लायलॅकचं झुडूप किंवा कॅरागानाची सरळ रांग माळावर आपोआप उगवत नाही, ती कुणीतरी लावलेली असते. इंडियन हेडच्या सरकारी रोपवाटिकेने १९०१ नंतर शेतकऱ्यांना वारा अडवायला अशी लाखो रोपं वाटली. घर गेलं तरी जूनमध्ये लायलॅक फुलतो.

८. परत आल्यावर

अंघोळीआधी गोचीड तपासा: काखा, गुडघ्यांमागे, केसांत. गाडीची चाकं धुवा. फोटो टाकताना जीपीएसची माहिती काढून टाका आणि घराचं ठिकाण लिहू नका. मागून येणारे सगळेच विचारून येत नाहीत, काही जण दारं-खिडक्या उचलून नेतात.

आणि मालकाला प्रिंट द्या. आठ बाय दहा इंच, मॅट कागद, मागे तारीख. मी एकदा एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या आजोबांचं घर काढलं. करड्या फळ्या, खचलेलं छप्पर, डाव्या कडेला फुललेला लायलॅक, मागे ढग. माझ्या समजुतीने आजवरचा सगळ्यात चांगला फोटो. प्रिंट द्यायला गेलो तेव्हा तो शेतावर होता, आई घरात होती. ऐंशीच्या पुढची. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "फोटो सुरेख आहे. पण हे घर नव्हे, हे धान्याचं कोठार."

"मग घर?"

"ते कधीच ट्रकवर चढवून गावात नेलं." मग तिने लायलॅकवर बोट ठेवलं. "इथे होतं. तळघराचा खड्डा अजून बुजवलेला नाही, झुडपाच्या अगदी मागे."

त्याच झुडपाला टेकून मी दुपारची पोळीभाजी खाल्ली होती.